दाराखालची बोटभर फट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी तीन वेळा कागद काढला, तारीख घातली आणि तसाच परत वहीत सारला. परवा फोनवर तुला सांगितलं की डोळ्यांतून पाणी येतंय म्हणून लिहायचं राहिलं. डोळे ठणठणीत आहेत. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय लागत चालली आहे, आणि ज्या माणसाने तेहतीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासली, दहा ग्रॅमचा फरक निघाला तरी वजन जप्त केलं, त्याला ही सवय शोभत नाही. हे पत्र त्याबद्दलच आहे, पण तिथवर यायला मला थोडा वेळ दे. तुझा बाबा मला तराजू म्हणायचा ते उगीच नाही. तराजू बसवला की तो आधी बराच वेळ नुसता हलत राहतो.

आधी घरचं सांगतो. तू गेलीस तेव्हा होतं तसंच सगळं आहे. पुढच्या खोलीत कपाटाचा तो खण अजून बाहेरच आहे, त्याची एक बाजू तासून झालेली आणि दुसरी राहिलेली. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या सुताराकडून बसवून घ्या, किती दिवस अडगळ ठेवणार. मी हो म्हटलं आणि कुणाला बोलावलं नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतो, त्याखाली पातेलं लावलंय. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा या घरात लाकडाचा भुसा नाही. रोज सकाळी मी खिडक्या झटकायचो आणि तुझ्या बाबाच्या नावाने तोंड सोडायचो, की तुझ्या धंद्याने माझ्या छातीचं वाटोळं केलं, सुतारकाम बाहेर कर. तो म्हणायचा, तू बाहेर जा, भुसा घरचा आहे. आता खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं तर बोट स्वच्छ निघतं. छातीचे डॉक्टर मला म्हणाले, तुमची तब्येत सुधारलेली दिसते.

दमा आम्हा दोघांना आमच्या आईकडून आला आणि तुला तुझ्या बाबाकडून. पण दोघांचा दमा सारखा नव्हता, हे तुला कधी कुणी सांगितलं नसेल. माझा नुसता खोकला आणि घरघर. चिडचिड व्हायची, पंप घ्यायचा, झालं. त्याच्या दम्यात भीती असायची. लहानपणी त्याला धाप लागली की तो माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसायचा आणि सोडायचा नाही, सकाळी ते टोक चुरगळलेलं असायचं. मोठा झाल्यावर त्याने ती भीती थट्टेत गुंडाळून टाकली. अवजारांच्या पिशवीत एक पंप, खिशात एक, उशाशी एक, आणि विचारलं की म्हणायचा, सुताराला खिळे आणि पंप कधी कमी पडू नयेत. लोक हसायचे. मी त्याच्याबरोबर एका घरात जन्म काढला, मला माहीत होतं की जिन्याच्या मधल्या पायरीवर तो चप्पल नीट करायला वाकतो तेव्हा चप्पल नीटच असते. तुझी आई गेल्यावर ते जास्त झालं. बंद खोलीत त्याला बसवेना. घरातली सगळी दारं त्याने स्वतः केली आणि प्रत्येकाच्या खाली बोटभर फट ठेवली. मला सांगायचा की लाकूड फुगतं म्हणून ठेवावी लागते. एवढं लाकूड कुठलंच फुगत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात श्वासाच्या व्यायामावर संशोधन चाललंय हे त्यानेच कुठूनसं ऐकून आणलं. दम्याची दोनशे माणसं हवी होती. औषध सगळ्यांनी आपापलं चालू ठेवायचं, त्यात काही बदल नाही. निम्म्यांना लगेच व्यायाम शिकवणार आणि निम्म्यांना सहा महिने थांबवून मग शिकवणार, म्हणजे दोन्हींतला फरक मोजता येईल. मोजायचं म्हटल्यावर मी तयार झालोच. तुझा बाबा मला ओढत घेऊन गेला खरा, पण तिथे पोचल्यावर छाती पुढे काढून बसलो तो मी. शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना त्याने पहिल्याच दिवशी श्वासबाई नाव ठेवलं. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि मग आमचा पत्ता वाचून घुटमळल्या. एकाच घरातली दोन माणसं घ्यायला त्यांचं मन होईना. एकाला शिकवलं आणि त्याने घरी जाऊन दुसऱ्याला सांगितलं तर मोजणी बिघडणार. तेव्हा मी त्यांना माझी नोकरी सांगितली. तेहतीस वर्षं काय केलं ते सांगितलं, आणि म्हणालो की माझ्यावर सोडा, या घरात एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. कुणी मागितलं नव्हतं तरी शब्द दिला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आमची दोघांची नावं लिहून घेतली.

बंद पाकिटं होती, ज्याने त्याने एक उचलायचं. माझ्या पाकिटात आत्ता निघालं आणि त्याच्या पाकिटात नंतर. घरी येताना तो रस्ताभर हसत होता. म्हणाला, लहानपणी तुझे जुने सदरे मला, तुझी जुनी पुस्तकं मला, आता तुझे जुने श्वाससुद्धा मलाच. मीही हसलो. त्या दिवशी आम्ही दोघं फार खुशीत होतो.

मी व्यायाम शिकलो. आठवड्यातून एकदा हॉस्पिटलात आणि रोज दोनदा घरी, मागच्या खोलीत, दार लावून. कसा ते आता सांगत नाही, शेवटी सांगतो. दिसायला काहीच नाही त्यात. मला पहिले पंधरा दिवस हे सगळं थोतांड वाटलं. मग हळूहळू फरक पडला. घरघर होती तेवढीच होती, पण ती सुरू झाली की पूर्वी मी चिडायचो, घाबरायचोही थोडा, ते थांबलं. घरघर येते, मोजायला लागायचं, ती जाते. एक दिवस मी जिना न थांबता चढलो आणि वर तुझा बाबा उभा होता. त्याने विचारलं, लागू पडतंय वाटतं. मी म्हटलं, माहिती देता येणार नाही. अगदी हेच शब्द. ऑफिसातल्यासारखे. तो मोठ्याने हसला आणि आत गेला, आणि मला वाटलं की आपण फार चोख वागलो.

एकदाच त्याने विचारलं. चार महिने झाले असतील. दुपारची वेळ होती, मी व्यायाम करून बाहेर आलो तर तो दारापाशीच उभा. हातात पेन्सिल होती, चेहरा राखेसारखा. सकाळी त्याला जोराची धाप लागून गेली होती आणि तो तिच्याबद्दल बोलला नव्हता. म्हणाला, सगळं नको सांगूस. एवढंच सांग, आत घेताना जास्त मोजायचं की सोडताना. भिंगरी, तुझ्या बाबाने माझ्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. पोरगी शाळेतून आण म्हणूनसुद्धा मला कधी म्हणाला नाही, मीच जायचो. त्याने हे एक मागितलं, आणि मी म्हटलं, दोनच महिने राहिलेत, बाई सांगतीलच, तू जरा धीर धर. तो म्हणाला, बरं. मग त्याने दाराची बिजागरी उगीच हलवून बघितली आणि गेला. पुन्हा कधी विचारलं नाही. मी त्या दिवशी माझ्या वहीत लिहिलं होतं की आज नियम मोडण्याचा प्रसंग आला होता, मोडला नाही. ते पान अजून आहे.

आता त्या सकाळचं. तुला मी जे सांगितलं त्यातलं बरंच खरं आहे. अकराला दहा कमी असतील, तो खण तासत होता. खोकला आला, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. पंप घेतला, परत घेतला, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तेवढा सगळा घेतला आणि फरक पडला नाही. मी अँब्युलन्सला फोन केला, खिडक्या उघडल्या, त्याच्या सदऱ्याची बटणं काढली. अँब्युलन्स यायला बावीस मिनिटं लागली. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं असं आहे की पहिल्या सात-आठ मिनिटांत माझ्या हातातली कामं संपली. तो खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसला होता आणि मी त्याच्या समोरच्या खुर्चीत. त्याचे ओठ निळे व्हायला लागले. माझीही छाती आवळली. आणि मग मला जे शिकवलं होतं ते मी केलं. डोळे मिटले, खांदे सैल सोडले, एक हात पोटावर ठेवला आणि मनातल्या मनात मोजत श्वास घ्यायला लागलो. त्याच्यासमोर बसून, हाताच्या अंतरावर. अकरा वेळा केलं, मला मोजायची खोड आहे. माझी छाती मोकळी झाली. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. तोंडाकडे नव्हे, पोटावरच्या हाताकडे. हात वर कधी जातो आणि खाली कधी येतो ते बघून तो तसा श्वास ओढायला बघत होता आणि त्याला ते जमत नव्हतं, कारण मोजणं माझ्या डोक्यात चाललं होतं. ते तोंडाने करायला हवं होतं, मोठ्याने. तेव्हा मला नियम आठवला असता तर निदान आज नियमाला शिव्या देता आल्या असत्या. नियम आठवलाच नाही. पाच महिने दार लावून, आवाज न करता श्वास घ्यायची सवय झाली होती, तसाच घेतला. मग अँब्युलन्सची माणसं आली आणि हॉस्पिटलच्या दारात तो गेला. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं की शेवटपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता. नव्हता. माझा हात माझ्या पोटावर होता, आणि नंतर अँब्युलन्समध्ये त्यांनी मला पुढे बसवलं.

तू परत गेलीस त्याला महिना झाला असेल, तेव्हा तुझ्या बाबाच्या नावाने हॉस्पिटलचं पत्र आलं. आपला क्रमांक आला आहे, मंगळवारी सकाळी दहा वाजता व्यायाम शिकण्यासाठी यावे, येताना सैल कपडे घालावेत. शेवटच्या मोजणीला मी गेलो नव्हतो आणि त्यांना काही कळवलंही नव्हतं. मंगळवारी मी गेलो. श्वासबाईंनी मला बघितलं आणि माझ्या मागे बघितलं, धाकटे कुठे राहिले म्हणून. मी सांगितल्यावर त्या खाली बसल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं ते सगळं. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, व्यायामाने श्वासाच्या नळ्या उघडत नाहीत, एवढा मोठा झटका या व्यायामाने थांबला नसता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आकडे अजून कच्चे होते पण त्यांनी मला दाखवले. नळीत फुंकून जे मोजायचे ते दोन्ही गटांचं सारखंच आलंय. औषध लागतं तेवढंच लागतं. फरक पडलाय तो प्रश्नांच्या कागदावर. धाप लागली की किती घाबरता, जिन्यापाशी थांबता का, एकटं राहायला धजता का, तिथे आमच्या गटाची माणसं बरीच पुढे आहेत. बाई मला धीर द्यायला सांगत होत्या, की व्यायामाने फक्त भीती कमी होते. भिंगरी, त्याला दुसरं काय हवं होतं? मी निघताना त्यांना विचारलं, की मी घरी सांगून टाकलं असतं तर तुमचं किती नुकसान झालं असतं. त्यांनी खरं काय ते सांगितलं. म्हणाल्या, तुम्ही येऊन कळवलं असतंत तर तुमच्या दोघांची नावं बाजूला ठेवली असती, दोनशेतली दोन. घरी आल्यावर मी तो आकडा कितीतरी वेळा कागदावर लिहिला.

त्यानंतर आठ दिवसांनी मी पहिल्यांदा त्याची अवजारांची पिशवी उघडली. त्यात त्याची मापांची वही होती, ती चौकोनी, पेन्सिलीने लिहिलेली, तू लहानपणी जिच्यात कोंबड्या काढायचीस ती. दारांची मापं, खिडक्यांची मापं, आणि मग एक पान वेगळंच. वर लिहिलंय, तराजू, मागची खोली. खाली वेळा आहेत, सकाळी सातच्या आणि दुपारी चारच्या, अशा अठरा दिवसांच्या. तो दाराखालच्या फटीपाशी बसून माझा श्वास ऐकायचा, सुताराच्या सवयीने मापून लिहायचा. एक चार, एक सहा, रोज तेच, फार बरोबर लिहिलंय. मधे थोडा थांबतो, हेही त्याने टिपलंय. मी एवढ्या हळू श्वास घ्यायचो की आत कुठला आणि बाहेर कुठला ते मात्र त्याला फटीतून कळत नव्हतं. पानाच्या शेवटी त्याने लिहिलंय, आत चार की सहा? आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढलाय. गोल दोन-तीनदा गिरवलेला आहे. त्या पानावरची शेवटची तारीख, त्याने मला दारात विचारलं त्याच दिवसाची आहे.

तेव्हापासून मला व्यायाम करता येत नाही. डोळे मिटले की तो समोर बसलेला असतो. धाप लागली तर लागू देतो, पंप घेतो आणि बसून राहतो. तू म्हणशील, काका, स्वतःला शिक्षा करू नकोस. शिक्षा वगैरे काही नाही गं, मला खरंच जमत नाही. माणसाला एवढं साधं कळू नये याची मला लाज वाटते, आणि या लाजेचं काय करायचं ते या वयात मला कुणी शिकवणार नाही. जेवतो, झोपतो, नळाखालचं पातेलं ओततो. पुढे काही असेल असं वाटत नाही.

हे सगळं तुला न सांगता मी तसाच गेलो असतो, आणि तू मला चांगला म्हणत राहिली असतीस. पण तुझ्या पत्रात शेवटी तू लिहिलंस की हवा बदलल्यापासून तुझी छाती पुन्हा घरघरायला लागली आहे, जिन्यात मधेच थांबावं लागतं, बाबांसारखी भीती वाटते. आणि लिहिलंस, काका, तू बाबांना शेवटी धरून होतास तसं मला धर, तो व्यायाम मला शिकव. त्या ओळीनंतर गप्प राहणं मला जमलं नाही. आधी तुझ्या तिथल्या डॉक्टरांना दाखव, पंप जवळ ठेव, औषधात एक दिवसही खाडा करू नकोस, व्यायाम त्याच्या जागी नाही हे श्वासबाईंनी मला शंभर वेळा बजावलंय. हे वाचून तुला माझा आवाज ऐकावासा वाटला तर फोन कर, मी तुझ्याबरोबर मोठ्याने मोजीन, म्हणशील तितका वेळ. नाही वाटला तर मी समजेन, आणि तरी तुझं अडू नये म्हणून त्याच्या वहीचं ते पान या पत्रात घातलंय. त्याने गोल केलेल्या प्रश्नाखाली मी काल शाईने उत्तर लिहिलं. आत चार, बाहेर सहा. नाकाने, हळू, खांदे सैल सोडून. एवढंच होतं, भिंगरी. दारात उभं राहून सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

तू अजूनही म्हणू देशील तर, तुझाच,
मोठा काका